मंडळाचं दप्तर

शिक्षक निवृत्त होतो तेव्हा त्याच्याकडून कपाटाची किल्ली परत घेतात, ग्रंथालयाची पुस्तकं जमा करून घेतात आणि काही येणं बाकी नाही असा कागद हातात देतात. सातवीत ऋण संख्यांची वजाबाकी कुठल्या उदाहरणापासून सुरू केली की सुरळीत जाते आणि कुठल्यापासून केली की पुढचे दोन आठवडे निस्तरण्यात जातात, हे मात्र त्याच्याकडून कुणी मागून घेत नाही. तीस-पस्तीस वर्षांत असं बरंच साठलेलं असतं. दमट हवेत स्थिर विद्युतचे प्रयोग हमखास फसतात, तेव्हा ते कोरड्या दिवसांत उरकून घ्यायचे. 'असं का?' विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, 'शेजारच्याला कसं पटवशील?' विचारलं की मुलाच्या डोक्यातलं येतं. हे सगळं माणसाबरोबर घरी जातं आणि त्याच्या जागी आलेला नवा शिक्षक त्याच चुका पहिल्यापासून करायला लागतो.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८७ मध्ये याला व्यवसायाचं सामूहिक विस्मरण म्हटलं होतं. वकिलांकडे जुने निकाल असतात, डॉक्टरांकडे रुग्णांच्या नोंदी असतात, बुद्धिबळपटूंकडेसुद्धा खेळलेल्या डावांच्या चाली लिहिलेल्या असतात. शिक्षकाचा तास मात्र घंटा झाली की संपतो. तो बघायला बरोबरीचं कुणी नसतं आणि तो कुठे लिहूनही ठेवलेला नसतो.

अध्यापकांचं व्यावसायिक मंडळ हा या विसराळूपणावरचा जुना उपाय आहे, आणि बराचसा कंटाळवाणा आहे. मंडळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अधिवेशन, व्यासपीठ आणि मानपत्र येतं. प्रत्यक्षात मंडळ चालतं ते पावत्या, इतिवृत्त (बैठकीची लेखी नोंद), मुद्रितं (छापण्याआधी तपासायची पानं) आणि स्मरणपत्रं यांवर. एखाद्या शिक्षकाने 'पंचवीस वर्षं मंडळाची सेवा केली' असं म्हणतात तेव्हा त्यातली फार थोडी वर्षं व्यासपीठावर आणि बाकीची या कागदांत गेलेली असतात.

या कामाचा वेग समजायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शाळेतली भूमिती म्हणजे युक्लिडचं 'एलिमेंट्स', त्याच्याच क्रमाने आणि त्याच्याच सिद्धतांसह. मुलं प्रमेयं पाठ करत. १८७० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका शाळेतले शिक्षक रॉडन लेव्हेट यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून भूमितीच्या शिकवण्यात सुधारणा हवी असणाऱ्यांनी एकत्र यावं असं सुचवलं. १८७१ च्या जानेवारीत संस्था उभी राहिली. तिचं नावच 'असोसिएशन फॉर द इम्प्रूव्हमेंट ऑफ जॉमेट्रिकल टीचिंग' होतं, आणि गणिती थॉमस आर्चर हर्स्ट पहिले अध्यक्ष झाले. संस्थेने स्वतःचा पर्यायी अभ्यासक्रम तयार केला. परीक्षा घेणारी विद्यापीठं मात्र ढिम्म राहिली. १८९४ मध्ये 'मॅथेमॅटिकल गॅझेट' सुरू झालं, १८९७ मध्ये संस्थेने 'मॅथेमॅटिकल असोसिएशन' हे सुटसुटीत नाव घेतलं. शेवटचा धक्का बाहेरूनच बसला: अभियंते जॉन पेरी यांनी १९०१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ग्लासगोच्या सभेत गणिताच्या शिकवण्यावर सडकून टीका केली. पण त्या क्षणी नव्या मागणीला उत्तर द्यायला शिक्षकांची एक संघटित जागा तयार होती. १९०२ मध्ये संस्थेची अध्यापन समिती कामाला लागली आणि १९०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने युक्लिडच्या क्रमाची सक्ती सोडली.

पत्र ते निर्णय, तेहेतीस वर्षं. म्हणजे एका शिक्षकाची जवळजवळ अख्खी नोकरी. मंडळात काम करणाऱ्याने हा हिशेब पहिल्याच दिवशी मान्य करावा. आपण धरलेला विषय बहुधा दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत मार्गी लागणार असतो, आणि तोवर तो जिवंत ठेवायचं साधन म्हणजे दप्तर, म्हणजेच मंडळाचे हे सगळे कागद.

पुढे अशी मंडळं ठिकठिकाणी झाली. अमेरिकेत १९२० मध्ये क्लीव्हलंडला गणित शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिने पहिलं शहाणपणाचं काम केलं ते असं की, नवं मासिक काढण्याऐवजी १९०८ पासून निघणारं 'मॅथेमॅटिक्स टीचर' हे चालू नियतकालिक १९२१ मध्ये आपल्याकडे घेतलं. त्याच परिषदेने १९८९ मध्ये काढलेल्या अभ्यासक्रमाच्या मानकांनी देशभर चर्चा घडवली. इंग्लंडमध्ये गणित शिक्षणतज्ज्ञ कॅलेब गॅटेन्यो यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये गणिताच्या शैक्षणिक साधनांसाठी वेगळी संघटना निघाली, तीच पुढे गणित शिक्षकांची दुसरी मोठी संस्था बनली. भारतात गणित शिक्षकांची संघटना १९६५ ची, तर भौतिकशास्त्र शिक्षकांची १९८४ ची, डी. पी. खंडेलवाल यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली. विषय कुठलाही असो, दप्तरातल्या कागदांचे प्रकार थोड्याफार फरकाने तेच.

इथे एक गल्लत नेहमी होते. वेतन, सेवाशर्ती, बदल्या यांसाठी लढणारी संघटना वेगळी आणि विषयाच्या शिकवण्यावर काम करणारं मंडळ वेगळं. दोन्ही लागतात. स्कॉटलंडमधली १८४७ ची शिक्षकांची संस्था दोन्ही कामं करत आली आहे; शिक्षकांच्या पात्रतेचा दर्जा राखण्यासाठी ती निघाली, १८५१ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि आज ती कामगार संघटनाही आहे. शिकागोच्या शिक्षक-नेत्या मार्गारेट हेली यांनी १९०४ मध्ये शिक्षकांनी संघटित का व्हावं यावर भाषण केलं तेव्हा पगार, वर्गातली गर्दी आणि शिकवण्याचं स्वातंत्र्य हे मुद्दे त्यांनी एकाच धाग्यात ओवले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांची ५ ऑक्टोबर १९६६ ची शिफारसही शिक्षकांच्या संघटनांना शैक्षणिक धोरण ठरवण्यात सहभागी करून घ्या असं सांगते. तरीही व्यवहारात दोन कामांच्या बैठका वेगळ्या असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. वेतनाचा प्रश्न तातडीचा असतो, अपूर्णांकांचा कधीच नसतो. एकाच बैठकीत दोन्ही घेतले की अपूर्णांक पुढच्या बैठकीवर ढकलले जातात आणि पुढच्या बैठकीत पुन्हा वेतनच असतं.

मंडळात शिरण्याची वाट साधारण ठरलेली. आधी माणूस कार्यशाळेला नुसता येतो. दोन-तीन वेळा वेळेवर आला आणि शेवटपर्यंत थांबला की कुणीतरी त्याला नोंदणीच्या टेबलावर बसवतं. हे टेबल क्षुल्लक वाटतं, पण इथेच माणूस पारखला जातो. दीडशे प्रतिनिधी असतील तर आडनावांच्या अक्षरांवरून दोन टेबलं लावावीत. पैसे घेणारा एक, पावती लिहिणारा दुसरा. एकाच माणसाने दोन्ही केलं तर गर्दीच्या वीस मिनिटांत पाच-सात पावत्या 'नंतर लिहितो' म्हणून राहतात आणि संध्याकाळी रोकड आणि स्थळप्रती (पुस्तकात राहणाऱ्या पावत्यांच्या प्रती) जुळत नाहीत. पावतीपुस्तकं आधीच क्रमांक घातलेली हवीत, रद्द झालेली पावती फाडून न टाकता दोन्ही प्रतींसह पुस्तकातच रेघ मारून ठेवायची. हे ज्याला जमतं तो काही वर्षांत खजिनदार होतो.

खजिनदाराची खरी परीक्षा आजीव सभासदांच्या पैशात. आजीव वर्गणी वार्षिक वर्गणीच्या दहापट ठेवली आणि ती कायम ठेवीत टाकून ५ टक्के व्याज मिळालं, तर दरवर्षी हाती येते वार्षिक वर्गणीच्या निम्मी रक्कम. मुखपत्राचे अंक मात्र वर्षभर पूर्ण पाठवावे लागतात. हिशेब बरोबरीत आणायचा तर आजीव वर्गणी वीसपट हवी, तीही महागाई शून्य धरून. आणि हे झालं रक्कम ठेवीत टाकली तर. बहुतेक ठिकाणी मोहिमेच्या वर्षी शंभर आजीव सभासद होतात, खातं फुगलेलं दिसतं आणि त्याच पैशांतून अधिवेशन थाटात पार पडतं. आठ-दहा वर्षांनी मुखपत्राचे जोडअंक निघायला लागतात, मग वर्षाला एक, मग 'तांत्रिक कारणास्तव' काहीच नाही. यावर इलाज एकच: आजीव वर्गणी थेट कायम निधीत जाईल, खर्चाला फक्त व्याज वापरता येईल, असा ठराव घटनेतच घालायचा, म्हणजे कार्यकारिणीला साध्या बहुमताने तो मोडता येणार नाही. छापील अंकाची वर्गणी वेगळी ठेवली तर आणखी बरं. शिवाय दर महिन्याला बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ. वर्षअखेरीला बारा महिन्यांचा एकदम करायला बसलं की न वटलेले धनादेश आणि कुणी भरले ते न कळणारे परस्पर जमा झालेले पैसे यांचा गुंता सुटत नाही.

कार्यवाहाचं काम याहून निराळं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. इतिवृत्त. अनेक मंडळांची इतिवृत्तं उघडली तर पानोपानी एकच वाक्य भेटतं: 'विषयावर सविस्तर चर्चा झाली व योग्य तो निर्णय घेण्याचे ठरले.' या वाक्यावर बंदीच घालायला हवी. चांगल्या नोंदीत ठरावाचा क्रमांक असतो, सूचक-अनुमोदक असतात, बाजूने किती आणि विरोधात किती हे असतं, काम कुणी करायचं त्याचं नाव, कधीपर्यंत ती तारीख आणि खर्चाची कमाल मर्यादा असते. भाषणं नसतात. मसुदा दोन दिवसांत लिहून काढावा. महिन्याने लिहिलेलं इतिवृत्त म्हणजे कार्यवाहाला जे व्हायला हवं होतं त्याची हकिकत. वही बांधीव, पानांना क्रमांक, मोकळ्या जागेवर आडवी रेघ, खाडाखोड केली तर शेजारी आद्याक्षरी.

यात आणखी एक ओळ घालावी, जी फारसं कुणी घालत नाही: प्रस्ताव फेटाळला असेल तर का फेटाळला. प्रज्ञा परीक्षा संगणकावर घ्यावी, मुखपत्र दोन भाषांत काढावं, अधिवेशन दोन दिवसांऐवजी एक दिवस करावं, असे प्रस्ताव दर सात-आठ वर्षांनी नव्या माणसाकडून नव्याने येतात. मागच्या वेळी खोलीत असलेले निम्मे लोक एव्हाना गेलेले असतात, उरलेल्यांना फक्त 'आधी एकदा बघून झालंय' एवढंच आठवतं. कारण लिहिलेलं असेल तर ते कारण आजही लागू आहे का हे पाच मिनिटांत बघता येतं. नसेल तर जुन्यांचा 'नाही' आणि नव्यांचा 'का नाही' यांत संध्याकाळ जाते.

कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हे कलम असतं. पैशाचा किंवा घटनादुरुस्तीचा विषय त्याखाली घेऊ नये. निम्मी माणसं उठून गेल्यावर मंजूर झालेला खर्च पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेत दुप्पट वेळ खातो.

जाता जाता, मंडळांच्या कामवाटपाकडे एकदा नीट बघावं. नोंदणी, स्वागत आणि चहापाण्याची जबाबदारी कुणाकडे जाते आणि माईक कुणाकडे? अमेरिकेतली शिक्षकांची सर्वांत मोठी संघटना १८५७ मध्ये निघाली तेव्हा सभासदत्व पुरुषांपुरतंच होतं. ते दार १८६६ मध्ये उघडलं आणि पहिल्या महिला अध्यक्ष एला फ्लॅग यंग निवडून यायला १९१० उजाडलं. तोवर शाळांत शिकवणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य होत्या.

दहा-पंधरा वर्षं वर्गात आणि पाच-सात वर्षं मंडळात झाली की माणसाला कार्यशाळा घ्यायला सांगतात. चांगला शिक्षक इथे पहिल्यांदा हमखास आपटतो, कारण तो सहकाऱ्यांना विद्यार्थ्यांसारखं शिकवायला लागतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, त्यांना उपदेश करायला लागतो. नव्वद मिनिटांचं एक सत्र आणि बत्तीस शिक्षक धरा. चार-चारांचे आठ गट होतात. साहित्याचे संच आठ नकोत, दहा हवेत, कारण एक संच अपुरा निघतो आणि एक गट उशिरा येणाऱ्यांचा बनतो. पाच मिनिटं सूचना. पस्तीस मिनिटं सगळ्यांनी ती कृती मुलं म्हणून करायची; इथे 'आम्हाला हे येतं' म्हणणाऱ्यांना आवरावं लागतं. मग वीस मिनिटं एकाच प्रश्नावर: तुमच्या वर्गातली मुलं इथे काय चुकतील? नंतरची वीस मिनिटं प्रत्येकाने स्वतःच्या पुढच्या आठवड्यातल्या एका तासाचा आराखडा कागदावर लिहायचा. उरलेली दहा मिनिटं रिकामी ठेवायची, ती उद्घाटनाने आधीच खाल्लेली असतात. वेळ कमी पडला की भाषण कापलं जात नाही, कृती कापली जाते. म्हणून भाषण ठेवायचंच तर दिवसाच्या शेवटी ठेवावं. प्रमाणपत्रं जेवणाआधी वाटू नयेत, दुपारी सभागृहात संयोजकच उरतात.

'कार्यशाळा कशी वाटली?' या प्रश्नपत्रिकांवर मंडळं फार कागद घालवतात. उत्तर 'छान' असतं. त्यापेक्षा तीन आठवड्यांनी प्रत्येकाला दोनच प्रश्न पाठवावेत: वर्गात करून पाहिलंत का, आणि कुठे अडलं? ज्यांनी केलं त्यांची अडलेली ठिकाणं हाच दुसऱ्या सत्राचा विषय. जपानमधल्या शिक्षकांची पाठ-अभ्यासाची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचं बळ याच क्रमात आहे. पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी शिक्षकाकडे न बघता मुलांच्या वह्यांकडे बघत नोंदी घ्यायच्या आणि नंतर चर्चा पाठाची करायची, शिकवणाऱ्याची नाही. पाठ सगळ्यांचा असल्याने कुणाची लाज जात नाही.

आता मुखपत्र. विस्मरणावरचं खरं औषध इथे तयार होतं, आणि वाया जातं तेही इथेच. शिक्षकाकडून येणारा वर्गानुभव बहुधा असा असतो: 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांच्या बेरजेची संकल्पना स्पष्ट नव्हती. कृतियुक्त अध्यापनाने ती स्पष्ट झाली व विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला.' यात खोटं काही नाही आणि उपयोगाचंही काही नाही. संपादकाने हे परत पाठवायचं, पण नकारासह नाही, प्रश्नांसह. मुलांनी नेमकं काय लिहिलं? वहीत होतं तसंच पाठवा. किती जणांनी लिहिलं? असं का केलंस विचारल्यावर काय म्हणाली? पुढचा प्रश्न तुम्ही कोणता विचारलात? आणि शेवटी कोण अडलेलंच राहिलं?

या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं आली तर मजकूर पार बदलतो. वहीत असतं १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मुलगी म्हणते, 'काल दोन डावांतला एक जिंकले, आज तीनांतला एक, म्हणजे पाचांतले दोन.' आणि ती डावांबद्दल शंभर टक्के बरोबर आहे! चूक बेरजेत नाही. कालचा पूर्ण म्हणजे दोन डाव आणि आजचा पूर्ण म्हणजे तीन, पूर्णच वेगवेगळे आहेत. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण एकच असावा लागतो, ही अट शिक्षकाने कधी मोठ्याने उच्चारलेली नसते. मग ३० सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्यायची. अर्धी म्हणजे १५, तिचाच तिसरा हिस्सा १०, टोकाला टोक लावून २५, म्हणजे तीसातले पंचवीस, ५/६. आणि मुलीचं उत्तर त्याच पट्टीवर? दोन पंचमांश म्हणजे १२ सेंटिमीटर. पंधरात काहीतरी मिळवलं आणि बारा उरले, हे तिचं तिलाच खटकतं. पट्टी ३० चीच का, हेही लेखात यायला हवं: ३० ला २, ३, ५ आणि ६ या सगळ्यांनी भाग जातो. २४ ची घेतली तर बरोबर उत्तर नीट दाखवता येतं, पण चुकीचं उत्तर ९.६ वर येतं आणि तपासायचं तेच नेमकं निसटतं. अडतात कोण? जी मुलं अर्ध्यासाठी एक पट्टी आणि तृतीयांशासाठी वेगळ्या लांबीची दुसरी पट्टी कापून आणतात ती. त्यांच्यापाशी डावांचीच गोष्ट पुन्हा सुरू होते.

एवढं आठशे शब्दांत आणि एका आकृतीत मावतं. दहा वर्षांनी हे वाचणाऱ्या नवख्या शिक्षकाचा दोन आठवड्यांचा गोंधळ वाचतो. पण असा एक लेख मिळवायला संपादकाला तीन-चार पत्रं लिहावी लागतात, आणि बरेच लेखक पहिल्या पत्रालाच रुसतात. म्हणून बहुतेक मुखपत्रांत थोरांची चरित्रं आणि शिक्षणावरची सुभाषितं भरलेली असतात. त्यांना पत्र लिहावं लागत नाही.

अभ्यासक्रम मंडळाकडे द्यायचं निवेदन हाही असाच एक कागद. चाळीस मागण्यांचं निवेदन 'पाहिले' असा शेरा घेऊन फायलीत जातं. एका पानाचं, एकाच धड्यावरचं निवेदन वाचलं जातं: पृष्ठ क्रमांक, आजचं वाक्य, सुचवलेलं वाक्य, कारण, आणि सोबत मुलांच्या पाच-सहा वह्यांच्या पानांच्या प्रती, नावं झाकून. समितीवरच्या माणसाला ते जसंच्या तसं उचलता आलं पाहिजे.

मंडळं प्रज्ञा परीक्षा घेतात, त्यातून वर्षाचा बराच खर्चही निघतो, पण परीक्षेची खरी मिळकत निकालानंतरची असते. दोनशे उत्तरपत्रिका असतील तर गुणांनुसार लावून वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के, म्हणजे ५४ आणि ५४, बाजूला काढाव्यात. हे प्रमाण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये मांडलं आणि अजून वापरात आहे. एखादा प्रश्न वरच्यांपैकी ४३ जणांनी आणि खालच्यांपैकी १६ जणांनी बरोबर सोडवला, तर फरक २७, भागिले ५४, भेदक्षमता (वरच्या आणि खालच्या मुलांत प्रश्न किती फरक करतो ते) ०.५, उत्तम प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाला वरच्यांतले २० आणि खालच्यांतले २९ बरोबर असतील तर आकडा ऋण येतो. अशा वेळी पोरांना दोष देण्याआधी उत्तरसूची तपासावी. ती बरोबर असेल तर प्रश्नाचा दुसरा अर्थ निघतोय आणि तो हुशार मुलांना दिसलाय. हे आकडे प्रश्नासोबत नोंदवून ठेवले की प्रश्नपेढी बनते. न नोंदवता गठ्ठे रद्दीत दिले की पुढच्या वर्षी तोच फसवा प्रश्न नव्या नावांनी परत येतो.

दीर्घ सेवेची एक वाईट बाजू आहे, आणि गौरवाच्या भाषणांत ती कधी येत नाही. माणूस पर्यवेक्षक होतो, मुख्याध्यापक होतो, निवृत्त होतो. मंडळात मात्र त्याचं वजन वाढतच जातं. वर्ग सुटून बारा वर्षं झालेला माणूस आज वर्गात असलेल्याला सांगू लागतो की मुलं अशी शिकतात. याला माणसाच्या चांगुलपणावर विसंबून चालत नाही, घटनेत कलम लागतं. तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनच वेळा, दरवर्षी कार्यकारिणीतले एक तृतीयांश निवृत्त, आणि किमान निम्मे सदस्य प्रत्यक्ष शिकवत असलेले. सगळी कार्यकारिणी एकाच वर्षी बदलली तर दप्तर कुठे आहे हेच कुणाला माहीत नसतं. कधीच बदलली नाही तर ते एकाच्याच घरी असतं. निवृत्त सभासदांसाठी तीन कामं अगदी योग्य आहेत: लेखांचं परीक्षण, नव्या लेखकांना ती चिकाटीची पत्रं लिहिणं, आणि अभिलेख.

पदभार सोपवणं हे वार्षिक सभेच्या दुसऱ्या दिवसाचं काम नाही, दोन महिने आधीचं आहे. बँकेतल्या सह्या बदलायला ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि नमुना सह्या लागतात, आणि तेवढ्यात एखादं देणं थकतंच. नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत, घटनेची शेवटची दुरुस्त प्रत, सभासद नोंदवही, चालू करार, उत्तर न दिलेली पत्रं, शिल्लक अंकांची मोजणी. सगळ्याची यादी दोन प्रतींत, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहीने. ईमेल खातं पदाच्या नावाने असावं, व्यक्तीच्या नावाने असलं की तीन वर्षांचा पत्रव्यवहार तिच्याबरोबर जातो. संकेतस्थळाच्या नावाचं नूतनीकरण कुणाच्या खाजगी कार्डावर लावलेलं असतं, हे ते बंद पडल्यावर कळतं.

जुने अंक स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरतं. बांधणी घट्ट असेल तर पान आतल्या बाजूला वळतं आणि शब्द कापले जातात, तेव्हा दोन प्रती असतील तर एकीची शिवण उसवून सुटी पानं करावीत; एकच असेल तर वरून कॅमेऱ्याने छायाचित्रं घ्यावीत. फाइलचं नाव वर्ष, महिना, पान या क्रमाने. इथवर उत्साही तरुण सभासद सुट्टीत करून टाकतात. खरं काम सूचीचं, आणि तिथे विषय जाणणारी म्हातारी माणसं लागतात. बहुतेक सूच्या लेखाचं शीर्षक आणि लेखकाचं नाव एवढ्यावर थांबतात. 'एक आनंददायी अनुभव' अशा शीर्षकाखाली काय आहे ते कुणाला कळणार? रकाने पाच हवेत: घटक, इयत्ता, मुलांची नेमकी चूक, वापरलेलं साहित्य, अंक-पान. त्या पट्टीच्या लेखाची नोंद होईल 'अपूर्णांक, बेरीज; पाचवी; अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे; ३० सेमी पट्टी'. यातला तिसरा रकाना भरायला लेख पूर्ण वाचावा लागतो, एका अंकाला दोन-तीन तास जातात, म्हणून तो सहसा वगळतात. वगळलेली सूची चाळून बघा: कुणाचे किती लेख छापले ते पटकन सापडतं, उद्या पाचवीच्या वर्गात काय करायचं ते सापडत नाही.